हॅशिंग

हॅशिंग : संगणकाच्या स्मृतीत नोंदी साठविण्याचे व हव्या त्या वेळी त्या शोधून काढण्याचे एक तंत्र. नोंदीची ओळख पटविणाऱ्या घटकावर (उदा., ग्राहक क्रमांक, आडनाव किंवा एखादा शब्द) ठराविक गणिती क्रिया करून तिच्यातूनच नोंदीच्या जागेचा क्रमांक काढावयाचा, ही ह्या तंत्रामागील मूळ कल्पना होय. ओळख पटविणाऱ्या घटकाला किल्ली, गणिती क्रियेला हॅश फलन, नोंदींसाठी राखून ठेवलेल्या स्मृतीच्या भागाला हॅश कोष्टक व त्यातील प्रत्येक जागेला खण असे म्हणता येईल. ‘हॅश’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बारीक तुकडे करून कालविणे असा आहे. मांसाच्या खिम्याच्या एका पदार्थालाही तेच नाव आहे. किल्लीतील अंकांचे वा अक्षरांचे असेच तुकडे करून ते एकमेकांत मिसळले जातात, म्हणून हे नाव रूढ झाले.

तंत्राची आवश्यकता : दहा लाख नोंदी कोणत्याही क्रमाशिवाय साठविल्या असतील, तर त्यांतील एक शोधण्यासाठी सरासरीने पाच लाख नोंदी तपासाव्या लागतात. शोधलेली नोंद मुळात नसेलच, तर सगळ्या दहा लाख तपासाव्या लागतात. नोंदी अकारविल्हे वा चढत्या क्रमाने लावून ठेवल्यास दर वेळी उरलेल्या भागाच्या मध्यावरील नोंद पाहून निम्मा भाग वगळता येतो आणि सुमारे २० तुलनांत काम भागते. शब्दकोश चाळणारा वाचक काहीसे असेच करीत असतो. तथापि क्रम राखण्यासाठी प्रत्येक नव्या नोंदीला मध्ये जागा करून द्यावी लागते आणि हे काम खर्चिक असते. हॅशिंगमध्ये क्रमाचा आग्रहच सोडून दिलेला असतो. टपाल कचेरीत पत्रे वेगळी करणारा कर्मचारी पत्त्यावर नजर टाकताच पत्र नेमक्या खणात टाकतो व अगोदर टाकलेली पत्रे पाहात नाही. हॅश फलन त्याच प्रकारचे काम करते. त्यामुळे कोष्टकात हजार नोंदी असोत की एक कोटी, शोधाला लागणारा सरासरी वेळ जवळजवळ सारखाच राहतो.

हा लाभ फुकट मिळत नाही. विखुरलेल्या नोंदींमधून ‘क पासून ख पर्यंतची सर्व आडनावे’ किंवा ‘पाचशे व सहाशे यांमधील सर्व क्रमांक’ अशी मागणी पुरविता येत नाही, कारण शेजारच्या किल्ल्या कोष्टकात शेजारी राहात नाहीत. जेथे अशा मागण्या नेहमीच्या असतात, तेथे क्रमबद्ध वृक्षरचनाच अधिक सोयीची ठरते. दुसरी किंमत याहून गंभीर असून तिचा संबंध टकरींशी आहे.

हॅश फलने : चांगल्या फलनाकडून दोन अपेक्षा असतात. त्याचे गणन झटपट व्हावे आणि किल्ल्या सर्व खणांत शक्य तितक्या सारख्या प्रमाणात वाटल्या जाव्यात. सर्वांत सोपी व बराच काळ वापरात असलेली पद्धत म्हणजे किल्लीला खणांच्या संख्येने भागून बाकी घेणे. भाजक मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. १,००० खण घेतले, तर बाकी म्हणजे किल्लीचे शेवटचे तीन अंक होत. सर्व क्रमांकांच्या शेवटी शून्य असण्याची एखाद्या संस्थेची पद्धत असेल, तर हजारांपैकी केवळ शंभर खण वापरले जातील व नऊशे रिकामे पडून राहतील. यासाठी भाजक म्हणून सहसा अविभाज्य संख्या घेतात. किल्लीचा कोणता भाग विचारात घ्यावा, हाही असाच नाजूक प्रश्न आहे. भारतात १९७२ मध्ये सुरू झालेल्या सहा अंकी पिन क्रमांकाचे पहिले अंक विभाग व उपविभाग दर्शवितात. महाराष्ट्रातील व गोव्यातील क्रमांक ४० ते ४४ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होतात. ह्या प्रदेशातील रहिवाशांच्या नोंदी पहिल्या दोन अंकांनुसार विखुरण्याचा प्रयत्न केला, तर शंभर खणांपैकी फक्त पाच भरतील. किल्लीचा प्रत्येक भाग उत्तरात उतरला पाहिजे, हा नियम यावरून सहज पटतो.

इतर पद्धतींत किल्लीचा वर्ग करून मधले अंक घेणे, किल्लीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडून त्यांची बेरीज करणे आणि सुवर्ण गुणोत्तराशी निगडित अशा स्थिरांकाने गुणून गुणाकाराचा ठराविक भाग घेणे यांचा समावेश होतो. यांपैकी शेवटची पद्धत विशेष उपयुक्त ठरली आहे, कारण लागोपाठच्या किल्ल्या तिच्यामुळे एकमेकींपासून दूर फेकल्या जातात.

किल्ली शब्दरूप असेल, तर अक्षरांच्या संकेतांकांवर क्रिया करतात. युनिकोड ह्या संकेतप्रणालीत र, आकाराची काना-खूण व म यांचे संकेतांक दशमान पद्धतीत अनुक्रमे २३५२, २३६६ व २३५० आहेत. केवळ बेरीज घेतल्यास ‘राम’ ह्या शब्दाचे फलन ७०६८ येते. परंतु ‘मार’ याचेही तेवढेच येते. नदी व दीन, सरला व रसाल ह्या जोड्यांचीही तीच गत होते. अक्षरांचा क्रम विचारात घेण्यासाठी आतापर्यंतच्या उत्तराला एका स्थिरांकाने गुणून मग पुढील अक्षराचा संकेतांक मिळवितात. जावा ह्या संगणक भाषेत हा स्थिरांक ३१ आहे. त्याने गणन केल्यास ‘राम’ याचे फलन २३,३५,९६८, तर ‘मार’ याचे २३,३४,०४८ येते व दोन्ही शब्द वेगळे होतात.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते आणि ती फलनाच्या गुणदोषांपलीकडची आहे. कऱ्हाड, दऱ्या, शेतकऱ्यांना अशा शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतो, तसाच तो र व त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. ऱ्ह, ऱ्य ही जोडाक्षरे नुक्त्याशिवाय, नुसता र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही उमटविता येतात. पडद्यावर वा छापील कागदावर हे सर्व प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. हॅश फलन मात्र आकृती पाहात नाही, संकेतांक पाहते. नोंद करणाऱ्याने ‘कऱ्हाड’ एका प्रकारे लिहिले व शोधणाऱ्याने दुसऱ्या, तर संगणक भलत्याच खणाकडे जातो आणि नोंद अस्तित्वात असूनही ती नाही असे उत्तर देतो. यासाठी किल्लीचे फलन काढण्यापूर्वीच तिचे लेखन एका ठरलेल्या रूपात आणावे लागते. नुक्त्याच्या दोन रूपांचा मेळ युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी बसतो. जोडचिन्हाचा प्रकार त्या नियमांत मोडत नसल्याने त्यासाठी स्वतंत्र तजवीज करणे भाग पडते.

टकरी व त्यांचे निराकरण : दोन भिन्न किल्ल्यांना फलनाने एकच खण दाखविला, तर त्यास टक्कर म्हणतात. खणांची संख्या भरपूर ठेवल्यास टकरी टळतील, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु संभाव्यता गणिताने ती चुकीची ठरते. खोलीत यदृच्छया जमलेल्या २३ व्यक्तींपैकी किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ०·५०७ असते. म्हणजेच ३६५ खणांच्या कोष्टकात केवळ २३ नोंदी टाकल्या, तरी टक्कर होणे हे न होण्यापेक्षा अधिक संभाव्य आहे. टकरी हा अपघात नसून नित्याचा व्यवहार आहे, असे गृहीत धरूनच कोष्टकाची रचना करावी लागते.

निराकरणाची एक पद्धत साखळीची आहे. एका खणाच्या वाट्याला आलेल्या सर्व नोंदी एकमेकींना दुव्यांनी जोडून ठेवतात आणि शोध घेताना फक्त तेवढीच साखळी तपासतात. नोंदींच्या संख्येला खणांच्या संख्येने भागले असता साखळीची सरासरी लांबी मिळते. ह्या गुणोत्तरास भारांक म्हणतात. साखळीच्या पद्धतीत भारांक एकाहून अधिक झाला, तरी काम अडत नाही, केवळ मंदावते.

दुसऱ्या पद्धतीत सर्व नोंदी कोष्टकातच राहतात व नेमलेला खण भरलेला आढळल्यास ठरलेल्या नियमाने दुसरा खण पाहिला जातो. लगेचचा पुढील खण पाहणे हा सर्वांत साधा नियम असून त्याला रैखिक चाचपणी म्हणतात. ० ते १० असे अकरा खण असलेले कोष्टक घेतले व ४२७, ३१८, २६०, ५१५, १८१, ७०४ ह्या किल्ल्या क्रमाने साठविल्या, तर ११ ने भागून येणाऱ्या बाक्या अनुक्रमे ९, १०, ७, ९, ५, ० अशा आहेत. पहिल्या तिन्ही किल्ल्या आपापल्या खणांत जातात. ५१५ साठी नववा खण भरलेला आहे, दहावाही भरलेला आहे. कोष्टक संपल्यामुळे पुन्हा आरंभाकडे वळून ती शून्य क्रमांकाच्या खणात ठेवावी लागते. पुढे १८१ विनासायास पाचव्या खणात जाते. ७०४ चा खण शून्य क्रमांकाचा. तिची बाकी आणखी कोणाच्याही बाकीशी जुळत नाही, तरीही तो खण ५१५ ने अडविल्यामुळे तिला पहिल्या खणात सरकावे लागते. भरलेल्या खणांचे असे पुंजके बनतात व मोठा पुंजका येणाऱ्या किल्ल्यांना अधिकाधिक प्रमाणात आपल्याकडे ओढून आणखी वाढत जातो.

ह्याच कोष्टकावरून एक जुना फसवा दोषही दाखविता येतो. ३१८ ही नोंद रद्द झाली, म्हणून दहावा खण रिकामा केला असे समजा. यानंतर ५१५ शोधू लागल्यास नववा खण पाहून संगणक दहाव्याकडे येईल, तो रिकामा आढळल्यामुळे थांबेल आणि ५१५ ही नोंद नाही असे सांगेल. ती शून्य क्रमांकाच्या खणात सुखरूप असते, पण तिच्याकडे जाणारी वाट मोडलेली असते. म्हणून काढून टाकलेल्या नोंदीच्या जागी ‘येथे पूर्वी नोंद होती’ अशी खूण ठेवतात. शोध ह्या खुणेपाशी थांबत नाही. नवी नोंद मात्र तेथे ठेवता येते. अशा खुणा फार साठल्या की शोध रेंगाळू लागतो व सर्व कोष्टक नव्याने मांडावे लागते.

रैखिक चाचपणीचे गणिती विश्लेषण अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांनी १९६२ मध्ये केले. समाधानकारक विश्लेषण साधलेली ही आपली पहिली महत्त्वाची रीती होती व पुढील ग्रंथलेखनावर तिचा प्रभाव पडला, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यांच्या सूत्रांनुसार मोठे कोष्टक निम्मे भरलेले असताना नसलेली नोंद शोधण्यास सरासरीने २·५ खण पाहावे लागतात, तीन-चतुर्थांश भरलेले असताना ८·५ आणि नव्वद टक्के भरलेले असताना ५०·५. असलेली नोंद शोधण्यासाठी हेच आकडे १·५, २·५ व ५·५ असे आहेत. कोष्टक भरत आले की कार्यक्षमता हळूहळू उतरत नाही, ती कोसळते. म्हणूनच व्यवहारात भारांक ठराविक मर्यादेबाहेर जाऊ देत नाहीत. मर्यादा ओलांडताच साधारणपणे दुप्पट मोठे कोष्टक घेऊन सर्व नोंदी त्यात नव्याने विखुरतात. हे काम एकदम करावे लागत असल्याने एखाद्याच नोंदीला बराच वेळ लागतो. मात्र अनेक नोंदींवर वाटला असता तो नगण्य ठरतो. जेथे प्रत्येक उत्तर ठराविक क्षणांच्या आत मिळालेच पाहिजे, तेथे हा हिशेब उपयोगाचा नसतो व पुनर्मांडणी थोडीथोडी करीत जावी लागते.

पुंजके टाळण्यासाठी पुढचा खण दुसऱ्या एका फलनाने ठरविण्याची द्विहॅशिंग पद्धतही वापरतात. रासमुस पाग व फ्लेमिंग रोडलर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीला कोकिळेचे नाव दिलेले आहे. हिच्यात प्रत्येक किल्लीला दोनच जागा शक्य असतात व नवी किल्ली जागेवरच्या जुनीला हुसकावून तिच्या दुसऱ्या जागी धाडते. त्यामुळे शोधासाठी दोनांहून अधिक जागा कधीच पाहाव्या लागत नाहीत. सारा त्रास नोंद करतानाच सोसावा लागतो.

इतिहास : ह्या तंत्राचा आरंभ आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीत झाला. मूळचे जर्मन असलेले हान्स पेटर लून (१८९६–१९६४) यांनी जानेवारी १९५३ मध्ये लिहिलेल्या एका अंतर्गत टिपणात विखुरण्याची व साखळीने जोडण्याची कल्पना आढळते. पतपत्रांवरील क्रमांकाची शुद्धता तपासणारी, शेवटच्या अंकाची सुप्रसिद्ध रीतीही त्यांचीच. सुमारे त्याच काळात जीन अ‍ॅमडाल, एलेन मॅग्रॉ, नॅथॅनिएल रॉचेस्टर व आर्थर सॅम्युएल यांनी आयबीएम ७०१ ह्या संगणकासाठी आज्ञावली तयार करताना रैखिक चाचपणी वापरली. आर्नल्ड ड्युमी यांनी १९५६ मध्ये विखुरण्याच्या तंत्रावरील पहिला लेख प्रसिद्ध केला. अविभाज्य संख्येने भागून बाकी घेण्याची सूचना त्यात होती. त्याच वर्षी आयबीएमने चुंबकीय तबकड्यांचा पहिला साठा बाजारात आणला. त्यात सुमारे ६० सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून पन्नास लाख अक्षरे मावत. हव्या त्या जागी थेट पोहोचणे ह्या यंत्राने शक्य झाले आणि त्यामुळेच जागा कशी ठरवावी हा प्रश्न निकडीचा बनला. वेस्ली पीटर्सन यांचा १९५७ मधील लेख ह्याच प्रश्नाला वाहिलेला आहे. सोव्हिएट संघात आंद्रेई येर्शोव्ह हेही स्वतंत्रपणे रैखिक चाचपणीपर्यंत पोहोचले होते. ‘हॅशिंग’ हा शब्द संगणक व्यावसायिकांच्या बोलण्यात काही वर्षे वावरत होता. रॉबर्ट मॉरिस यांच्या १९६८ मधील लेखानंतर तो शास्त्रीय लेखनात स्थिरावला.

तबकडीवरील साठ्यात एका नोंदीऐवजी नोंदींचा एक गट एकदम वाचला जातो, त्यामुळे तेथे एका खणात अनेक नोंदी बसतील अशी सोय करतात. कोष्टक वाढत गेले, तरी सर्व नोंदी हलवाव्या लागू नयेत, यासाठी रॉनल्ड फेगिन व त्यांचे सहकारी (१९७९) आणि व्हिटोल्ड लिट्विन (१९८०) यांनी शोधलेल्या वाढत्या कोष्टकांच्या पद्धती माहितीसाठ्यांच्या आज्ञावलींत वापरल्या गेल्या.

सरासरी व विपरीत परिस्थिती : वर दिलेले सर्व आकडे किल्ल्या खणांत यदृच्छया विखुरतात, ह्या गृहीतावर आधारलेले आहेत. फलन ठरलेले व सर्वांना माहीत असेल, तर एकाच खणात जाणाऱ्या किल्ल्या मुद्दाम निवडून पाठविणे कोणालाही शक्य असते. अशा एक लाख किल्ल्या साखळीच्या कोष्टकात आल्या आणि प्रत्येकीची आधीच्या सर्व किल्ल्यांशी तुलना झाली, तर सुमारे ५०० कोटी तुलना कराव्या लागतात. म्हणजे थोडक्या मजकुराने मोठा संगणक ठप्प करता येतो. हा धोका स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये स्पष्टपणे दाखवून दिला होता; तरीही २०११ च्या अखेरीस अनेक प्रचलित संगणक भाषांची कोष्टके अशा हल्ल्यास बळी पडू शकतात असे उघडकीस आल्यावरच सार्वत्रिक सुधारणा झाल्या. वस्तुतः त्यावरील उपाय लॅरी कार्टर व मार्क वेग्मन यांनी १९७० नंतरच्या दशकातच सुचविला होता. एकच फलन न वापरता फलनांच्या एका मोठ्या कुलातून आज्ञावली सुरू होताना एखादे यदृच्छया निवडावे, म्हणजे कोणत्या किल्ल्यांची टक्कर होईल हे बाहेरच्याला आधी कळत नाही. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कल्पना केवळ सैद्धांतिक सौंदर्याची म्हणून बराच काळ पाहिली गेली. २०१२ पासून गुप्त संख्येवर अवलंबून असलेली झटपट फलने उपलब्ध झाली व अनेक भाषांनी ती स्वीकारली. जावा भाषेने २०१४ मध्ये निराळा मार्ग पत्करला. तेथे एखादी साखळी फार लांबली की तिचे क्रमबद्ध वृक्षात रूपांतर केले जाते.

सर्व किल्ल्या आधीच माहीत व कायमच्या ठरलेल्या असतील (उदा., एखाद्या संगणक भाषेतील राखीव शब्द), तर एकही टक्कर होणार नाही असे परिपूर्ण फलन रचता येते. मायकेल फ्रेडमन, यानोश कोमलोश व एंड्रे सेमेरेदी यांनी १९८४ मध्ये त्याची कमी जागेत बसणारी रचना दिली.

संबंधित संकल्पना : दस्तऐवजाची सचोटी तपासण्यासाठी व गुप्तलेखनात वापरली जाणारी हॅश फलने नावाने सारखी असली, तरी त्यांचे उद्दिष्ट वेगळे असते. कोष्टकात टक्कर झाली तर थोडा वेळ जातो. तेथे मात्र टक्कर सापडणे म्हणजे फलनच निकामी होणे होय. एमडी–५ ह्या फलनाची टक्कर २००४ मध्ये व एसएचए–१ याची २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखविण्यात आली. बर्टन ब्लूम यांची १९७० मधील गाळणी हा आणखी एक उपयोग आहे. तिच्यात किल्ल्या साठवीतच नाहीत, अनेक फलनांनी दाखविलेल्या स्थानी फक्त खुणा करतात. ‘नाही’ हे तिचे उत्तर नेहमी खरे असते, ‘आहे’ हे क्वचित चुकते. तबकडीवरील निष्फळ फेऱ्या वाचविण्यास एवढे पुरेसे होते.

सत्तर वर्षांनंतरही ह्या विषयातील मूलभूत प्रश्न संपलेले नाहीत. एकदा ठेवलेली किल्ली न हलविता व वाटेत आढळलेल्या पहिल्याच रिकाम्या खणात नोंद करून जवळजवळ भरलेले कोष्टक वापरावयाचे, तर सर्वांत प्रतिकूल किल्लीसाठी पाहाव्या लागणाऱ्या खणांची अपेक्षित संख्या रिकाम्या खणांच्या प्रमाणाच्या व्यस्तात वाढणारच, असे अनुमान अँड्र्यू याव यांच्या १९८५ मधील कार्यातून पुढे आले होते. कोष्टकाचा शंभरावा भाग रिकामा असेल तर सुमारे शंभर खण, हजारावा भाग रिकामा असेल तर सुमारे हजार, असा त्याचा अर्थ होतो. मार्टिन फाराक-कोल्टन, अँड्र्यू क्रापिव्हिन व विल्यम कुझमाउल यांनी २०२५ मध्ये प्रसृत केलेल्या निबंधात त्याहून कितीतरी मंद गतीने वाढणारी रचना सादर केली आणि हे अनुमान खोटे ठरले.